बैलाचं बाशिंग

माझी नात सध्या विमान करते आहे. दुरून चालवायचं, आत माणूस नसलेलं. गेले पंधरा दिवस आमचं जेवणाचं टेबल तिच्या ताब्यात आहे आणि आम्ही बाकीचे मांडीवर ताटं घेऊन जेवतो. तिच्या फोनवर एक यादी असते. मोटर, बॅटरी, पुढचा पंखा, पंखांचा फोम, आणि प्रत्येकापुढे ग्रॅममधलं वजन. ती एकेक वस्तू निवडते, बेरीज करते, तोंड वाकडं करते, काहीतरी गाळते आणि पुन्हा बेरीज करते. परवा तिनं मान वर न करता विचारलं, "आजी, तू पण शाळेत असताना केलं होतंस ना? बाबा सांगत होते. तुझ्या विमानाचे पंख कशाचे होते गं?" मी म्हटलं, "भेंडाचे." ती म्हणाली, "म्हणजे?" मी म्हटलं, "थांब, दूध उतू जाईल," आणि उठले. दूध फ्रिजमध्ये होतं. या प्रश्नाचं अर्धं उत्तर देऊन उठून जायची मला जन्माची सवय आहे. उरलेलं अर्धं निदान कागदावर तरी यावं म्हणून हे लिहायला बसले.

बोरी अरबला आमचं घर बाजाराच्या रस्त्याला लागून होतं. सकाळी जाग यायची ती बैलबंड्यांच्या चाकांच्या आवाजानं आणि त्याच्या जोडीला आत्याच्या भाकरी थापण्यानं. आत्याची भाकरी परातीत फिरायची तेव्हा एक ठरावीक ताल लागायचा. तो चुकला की माय न्हाणीतून ओरडायची, "बाई, काय झालं?" घरात बाबा, माय, माझे दोन लहान भाऊ आणि ही आत्या. आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण, गिरजा. लग्न होऊन दोन वर्षं झाली नाहीत तोवर नवरा तापानं गेला आणि ती घाटंजीहून एक पत्र्याची ट्रंक घेऊन भावाकडे आली, ती राहिलीच. आमच्यात विधवेचा पाट लागतो, त्यात कुणाला वावगं वाटत नाही. तिच्यासाठीही दोनदा विचारणा आली होती म्हणे. दोन्ही वेळा ती नाही म्हणाली आणि कारण सांगितलं नाही. मला तेव्हा वाटायचं, हिला आमचा लळा लागला म्हणून ही गेली नाही. मुलांना आपल्याबद्दल असे समज असतात.

घरचं सगळं जेवण तिच्या हातचं. हिवाळ्यात ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी, वर कच्चं तेल आणि पाट्यावरचा लसणाचा ठेचा. मी शाळेतून आले की ती चुलीपुढचा पाट माझ्याकडे सरकवायची आणि मी आज काय शिकले ते विचारायची. नुसतं विचारायची नाही, समजून घ्यायची. पृथ्वी फिरते हे मी सांगितलं तेव्हा तिनं भाकरी उलटता उलटता म्हटलं, "मंग आपुन पडत काहून नाई?" आणि वर म्हणाली, "उद्या मास्तरले विचारून ये. मले सांग." तिला वाचता येत नव्हतं. माझ्या पुस्तकातली चित्रं मात्र तिला माझ्याहून जास्त पाठ होती.

त्या वर्षी बाबांनी माझी शाळा बंद करायचं ठरवलं होतं. आठवीपर्यंत शिकले हेच खूप झालं, असं त्यांचं म्हणणं. त्यात ते इतर बापांपेक्षा काही वाईट होते असं नाही. त्याच सुमाराला आमच्या शास्त्राच्या मास्तरांनी वर्गात एक मासिकातलं चित्र आणलं. मैदानात एक माणूस उभा आहे, त्याच्या हातात दोन दोरे आहेत आणि दोऱ्यांच्या टोकाला एक छोटं विमान त्याच्याभोवती गोल फिरतं आहे. एक दोरा ओढला की शेपटीची पट्टी वर होते आणि विमान चढतं, दुसरा ओढला की उतरतं. मास्तर म्हणाले, यवतमाळला शाळांचं प्रदर्शन भरणार आहे, जो कुणी चालतं यंत्र करून दाखवेल त्याला मी घेऊन जाईन. मुलांनी मुलांकडे पाहिलं. मी हात वर केला. का केला ते मला अजून सांगता येत नाही. बहुधा चित्रातला माणूस गोफण फिरवणाऱ्या माणसासारखा उभा होता म्हणून. ज्वारीची राखण करताना गोफण मी आमच्या आळीतल्या कुठल्याही पोरापेक्षा लांब मारत असे.

घरी हे कळलं तेव्हा बाबा हसले. आत्या हसली नाही. ती हात पुसत ओसरीवर आली आणि बाबांच्या समोर उभी राहिली. "पोरीचं विमान यवतमाळले गेलं त तिले पुढं शिकू देशीन का?" बाबा म्हणाले, "जाऊ त दे आधी." आत्या म्हणाली, "तसं नाई. हो म्हन." बाबा मोठ्या बहिणीला उलट बोलत नसत. थोडा वेळ पायातला काटा शोधल्यासारखं करून ते हो म्हणाले. माझं सगळं पुढचं आयुष्य त्या एका शब्दावर लागलं आणि तो शब्द तिनं काढून घेतला होता, हे मी मुद्दाम लिहून ठेवते.

मग सुरू झाली निवड. चित्रातल्या विमानाला पुढे छोटं इंजिन होतं. ते मिळणं शक्यच नव्हतं. माझ्या वर्गात तांड्यावरचा प्रेमसिंग होता, तो म्हणाला, "इंजिन कायले पाह्यजे? लंबी काठी घे, तिच्या टोकाले बांध, अन् गोफनीवानी फिरव. मंग तूच इंजिन." एवढी शहाणी सूचना मला नंतरच्या काळात फारशी कुणी केली नाही. लांब बांबूची काठी, तिच्या टोकाला कडी, कडीतून दोन दोरे येऊन माझ्या हातात. फिरवण्याचं बळ माझं, चढणं-उतरणं दोऱ्याचं. पण मग एक गोष्ट पक्की झाली, विमान जितकं हलकं तितकं ते माझ्या बळावर उडणार. म्हणून मी दोन करवंट्यांचा एक काटा केला आणि वजनं म्हणून गुंजा घेतल्या. दिवसभर जे दिसेल ते करवंटीत टाकायचं आणि दुसऱ्या करवंटीत गुंजा मोजायच्या. मला घरात बेबी म्हणत. धाकटा भाऊ म्हणायचा, बेबी सोनाराच्या घरी जाणार आहे.

अंगासाठी पऱ्हाटीची, म्हणजे कपाशीच्या झाडाची, वाळकी काडी घेतली, ती जड नव्हती पण वाकली. मग टोपल्या विणणाऱ्या बुरडीणबाईकडून बांबूच्या कामट्या आणल्या आणि त्या विळीवर तासून तासून निम्म्या केल्या. शेपटीला पतंगाचा कागद. चाकांना आधी दौतीची बुचं लावली, पण ती ओबडधोबड होती, म्हणून बाबांच्या जुन्या कोटाची दोन बटणं. ती बाबांना विचारून घेतली, हेही लिहून ठेवते, कारण विचारून घ्यायचं मला माहीत होतं. दोरे आत नेणारी त्रिकोणी पट्टी तुपाच्या डब्याच्या पत्र्याची, ती एका बारीक खिळ्यावर फिरायची. दोऱ्याचा प्रश्न मोठा होता. गोधडीचा दोरा ओढला की लांबायचा, चांभाराचा मेणाचा दोरा वजनदार. शेवटी प्रेमसिंगनं त्याच्या याडीकडून, म्हणजे आईकडून, कशिद्याचा पीळ दिलेला दोरा आणला. त्याच्या याडीनं त्यासाठी अट घातली की विमान उडेल तेव्हा तिला बोलवायचं. डिंक बाभळीचा, पण तोही मोजून, कारण डिंक वाळला तरी वजन सोडत नाही. आत्या रोज संध्याकाळी विचारायची, "आज किती गुंजा कमी केल्या?" आणि मी सांगितलेला आकडा दुसऱ्या दिवशी तिच्या लक्षात असायचा.

राहिले पंख. कामट्यांची चौकट करून वर कागद लावला तर वाऱ्यात कागद फडफडून फाटायचा. सावरीचं लाकूड हलकं म्हणून आणलं, तेही जड निघालं. मास्तर म्हणाले, भेंड वापर. भेंड म्हणजे पाणथळ जागेतल्या एका झाडाचा पांढरा गाभा, बोटानं दाबला तर खड्डा पडेल इतका मऊ आणि हातावर ठेवला तर ठेवला आहे हे कळू नये इतका हलका. फुलारी त्याचे पातळ काप काढून बाशिंगं करतात. आमच्या भागात बाशिंग दोघांच्या कपाळी चढतं, लग्नात नवरदेवाच्या आणि पोळ्याला बैलाच्या. पोळा होऊन तीन-चार महिने झाले होते. आमच्या ढवळ्या-पवळ्याची बाशिंगं गोठ्यात खुंटीला लटकत होती. ती मी काढली, पण बैलाच्या बाशिंगाचं भेंड जाड, वर रंगाचे थर, शिवाय खाली पुठ्ठा. करवंटी धाडकन खाली गेली. फुलाऱ्याकडे नवं भेंड नव्हतं, लग्नसराईच्या आधी येईल म्हणाला. प्रदर्शनाला बारा दिवस होते.

आत्या त्या आठवड्यात घाटंजीला दिराकडे गेली होती. सासरच्या वावरात तिच्या वाट्याच्या चार ओळी होत्या, त्यांचा कापूस वेचायला ती दर हिवाळ्यात जात असे. तिच्या ट्रंकेची चावी देवाच्या कोनाड्यात, हळदीच्या डबीमागे. ही जागा घरात फक्त मला माहीत होती, कारण तिला सुपारी लागली की ती मलाच ट्रंक उघडायला पाठवायची. सुपारीची पुरचुंडी वरच असायची. तिच्याखाली काय आहे ते मी कधी पाहिलं नव्हतं असं नाही. एकदा हात लागला होता. पिवळ्या फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी, इतकं हलकं की मी फडकं रिकामं आहे असं समजून दाबलं आणि आत काहीतरी कुरकुरलं.

त्या दुपारी मी फडकं सोडलं. आत नवरदेवाचं बाशिंग होतं. दोन बाजूंना दीड-दीड वितीची दोन पानं, मध्ये बेगडाचं फूल, आणि प्रत्येक पानावर भेंडाचाच कोरलेला एक हिरवा पोपट. रंग फिका झाला होता, पण भेंड एकदम पातळ कापलेलं, दुधासारखं पांढरं. एक पान करवंटीत टाकलं. दुसऱ्या करवंटीतल्या गुंजा मी काढत गेले आणि काढतच गेले.

आता खरं लिहायचं. मी पुढे कित्येक वर्षं स्वतःला सांगत आले की ते बाशिंग कुणाचं आहे हे मला कळलं नव्हतं, मी लहान होते, मला ते बैलाचंच वाटलं. ते खोटं आहे. शेतकऱ्याच्या घरातल्या तेरा वर्षांच्या मुलीला बैलाचं बाशिंग आणि नवरदेवाचं बाशिंग यातला फरक कळत नाही असं होत नाही. मला सगळं कळलं होतं. लग्नानंतर नवरदेवाचं बाशिंग घराच्या मधल्या खांबाला बांधतात हे माहीत होतं. माणूस मेला की ते खांबावरून उतरवून राखेबरोबर नदीत सोडतात, घरात ठेवणं अशुभ मानतात, हेही माहीत होतं. आणि तिथेच माझं डोकं चाललं. मी विचार केला, ही वस्तू असायलाच नको होती. जी असायलाच नको ती गेली म्हणून आत्या कुणाकडे तक्रार करणार? तिला बोलताच येणार नाही. गुंजा मोजता मोजता मी हाही हिशेब केला, आणि तो अगदी बरोबर निघाला. या वाक्याची मला आजही इतकी लाज वाटते की ते लिहून झाल्यावर मी उठून हात धुऊन आले.

विळीनं पोपट सोलून काढले. एक सहज निघाला, दुसऱ्याचा अर्धा भाग पानाला चिकटून राहिला, तो घासला तर भेंड उसवायला लागलं, म्हणून तसाच ठेवला. वर पतंगाचा निळा कागद खळीनं चिकटवला. पोपट झाकला गेला. कापलेले तुकडे, बेगड, निघालेला पोपट, सगळं चुलीत घातलं. पिवळं फडकं मात्र घडी करून, आत वर्तमानपत्राचा कागद भरून, होतं तसं सुपारीखाली ठेवून दिलं. कागद दाबला की तोही कुरकुरत होता.

आत्या परत आली. तिनं माझ्यासाठी घाटंजीच्या बाजारातून तिळाची रेवडी आणली होती. विमान पाहून ती त्याच्याभोवती दोनदा फिरली. "पंख गवसले वाट्टे," ती म्हणाली. मी म्हटलं, "हो, भेंडाचे." तिनं बोटाच्या पाठीनं कागदावरून हात फिरवला आणि म्हणाली, "छान बसवले व." त्या रात्री मी रेवडी खाल्ली नाही, भावांना वाटून टाकली. माय म्हणाली, पोरगी शहाणी झाली.

यवतमाळला नेण्याआधी मास्तरांनी शाळेच्या मैदानात विमान उडवून दाखवायचं ठरवलं. मुली असलं काही करतात म्हणून अर्धं गाव जमलं. बाबा पंचांच्या बाजूला धोतर सावरून बसले होते. बायका कडुनिंबाखाली, त्यांच्यात आमच्या गावच्या पाटलीणबाई पुढे आणि आत्या डोक्यावर पदर घेऊन सगळ्यांच्या मागे. प्रेमसिंगची याडीसुद्धा आली होती, आरशांच्या फेटियात, म्हणजे घागऱ्यात, तिच्या चालण्याचा आवाज दुरून ओळखू यायचा. मी काठी उचलली. पहिल्या फेरीत विमान जमिनीवर घासलं आणि पोरं हसली. दुसऱ्या फेरीत चाकं जमिनीवरून सुटली. तिसऱ्या फेरीत मी वरचा दोरा ओढला आणि ते चढलं. काय सांगू, ते खरंच चढलं. मी त्याला खाली म्हटलं की खाली यायचं, वर म्हटलं की वर. मी फिरत होते आणि माझ्याभोवती कडुनिंब, बाबा, शाळेची भिंत, बायका, सगळं फिरत होतं. त्या आठ-दहा फेऱ्यांत मी ट्रंक पार विसरले होते. लाज वाटते ती याचीसुद्धा, की मी इतकी सुखात होते.

मग मला भोवळ आली, काठी झुकली आणि विमान कडुनिंबाच्या बुंध्याला घासून बायकांच्या पुढ्यात पडलं. फारसं मोडलं नव्हतं. उजव्या पंखाचा कागद तेवढा फाटून लोंबत होता. पाटलीणबाईंनी ते उचललं, उलटंपालटं करून पाहिलं आणि त्यांचा हात थांबला.

"हे त बाशिंग हाय," त्या म्हणाल्या. "कोनाचं व पोरी?"

सगळ्या बायका पुढे झुकल्या. मास्तर काहीतरी बोलायला लागले, पण पाटलीणबाईंपुढे मास्तरांचं काही चालत नसे. लग्नाचं म्हटलं तर कुणाच्या लग्नाचं हा प्रश्न आला. आमच्या घरात खांबाला एकच बाशिंग होतं, बाबांचं, ते जागेवर होतं. मी म्हटलं, "बैलाचं."

"बैलाच्या बाशिंगावर राघू असते का?" त्यांनी नखानं फाटका कागद आणखी थोडा सोलला. अर्धा हिरवा पोपट सगळ्यांना दिसला. "हे मानसाचं हाय. घरात खांबावर असंन, नाई त मेलेल्याचं. मेलेल्याचं घरात ठेवलं कोनं? सांग ना व, काहून गप झाली?" त्यांनी बायकांकडे वळून पाहिलं आणि त्या एकेकीच्या घराचा हिशेब करत असल्यासारखी त्यांची नजर मागे मागे जायला लागली. बाबा उठून उभे राहिले होते. त्यांचा चेहरा मला दिसत होता. त्यांना अजून काही कळलं नव्हतं, पण मुलीनं चारचौघांत काहीतरी अभद्र केलं आहे एवढं कळलं होतं आणि यवतमाळ तिथेच संपलं असतं.

मागून आत्या आली. बायका बाजूला झाल्या. तिनं पाटलीणबाईंच्या हातातून विमान घेतलं, उन्हात धरलं आणि त्या अर्ध्या पोपटाकडे पाहिलं. मी सांगते, फार वेळ नाही पाहिलं. सुईत दोरा ओवायला लागतो तेवढा वेळ. मग म्हणाली, "बैलाचंच हाय."

"राघूचं?" पाटलीणबाई म्हणाल्या.

"आमच्या ढवळ्याचं. औंदा म्याच राघू लावून आनलतं घाटंजीहून. म्याच देल्लं तिले, काप म्हनून." आणि तिनं विमान माझ्या हातात दिलं. "घे. बैलाचं बाशिंग हाय, एवढं काय भेव घेतं?"

कुणीतरी हसलं. गिरजाचा ढवळ्या म्हणजे नवरदेवच, असं कुणीतरी म्हणालं आणि मग सगळ्याच हसल्या. आत्याही हसली. बाबा खाली बसले. मास्तरांनी घाईघाईनं टाळ्या वाजवल्या आणि पोरांनीही वाजवल्या. मी विमान छातीशी धरून उभी होते, आणि मला त्या घटकेला तोंड उघडून खरं सांगता आलं असतं. नाही सांगितलं. मला यवतमाळला जायचं होतं.

संध्याकाळी चुलीपुढे तिनं नेहमीसारखा पाट सरकवला. भाकरीचा ताल नेहमीचाच होता. माय गोठ्यात होती. आत्या तव्याकडे पाहत म्हणाली, "दिरानं खांबावरून काढून माह्या हातात देल्लं. नदीत सोड म्हने. म्या पदराखाली घातलं, अन् नुसती वल्ली होऊन वापस आली." तिनं भाकरी उलटली. "कोनालेच मालूम नोहोतं." मी रडायला लागले. तिनं मला गप्प केलं नाही आणि जवळही घेतलं नाही. भाकरी फुगेपर्यंत थांबली. मग विचारलं, "डावा पंख बी त्याचाच हाय का?"

मी मानेनंच हो म्हटलं.

"मंग जपून ने," ती म्हणाली आणि माझ्या ताटात भाकरी टाकली. त्यानंतर त्या विषयावर ती माझ्याशी एक शब्द बोलली नाही, त्या दिवशीही नाही आणि नंतरही नाही. शाळेत काय शिकलीस हे मात्र दुसऱ्या दिवसापासून पुन्हा विचारायला लागली. एक फरक झाला, ट्रंकेला तिनं परत कधी कुलूप लावलं नाही.

यवतमाळला माझ्या विमानाला बक्षीस मिळालं नाही. दालन छोटं होतं, काठी फिरवायला जागा नव्हती, त्यामुळे ते दोन दिवस टेबलावर बसून राहिलं आणि येणाऱ्या-जाणाऱ्या लोकांनी बोट लावून पाहिलं. परत येताना मोटारीत गर्दी झाली. एका बाईच्या गाठोड्याखाली डावा पंख चेपला आणि भेंडाचा भुगा झाला. उजवा कुठे गेला ते मला आठवत नाही. हे मला खरंच आठवत नाही, आणि याबद्दल मी स्वतःला बाकीच्यापेक्षा जास्त दोष देते. बाबांनी शब्द पाळला. मी नववीत गेले, मॅट्रिक झाले, अमरावतीला कॉलेजात गेले, पुढे सगळा जन्म मुलांना गणित शिकवलं. निरोप समारंभात लोकांनी माझ्या जिद्दीवर भाषणं केली. मी खाली मान घालून ऐकत होते, ते त्यांना विनयाचं लक्षण वाटलं.

कॉलेजात असताना एकदा आत्याबरोबर घाटंजीला गेले होते. तिच्या वाट्याच्या ओळींचे कागद करायचे होते आणि तिला सोबत शिकलेलं माणूस हवं होतं. तलाठ्यानं विचारलं, "नवऱ्याचं नाव?" बायकांनी नवऱ्याचं नाव घ्यायचं नसतं, हे तलाठ्यालाही माहीत होतं, म्हणून त्यानं माझ्याकडे पाहिलं. आत्यानंही माझ्याकडे पाहिलं. आणि मला कळलं की मला ते नाव माहीतच नाही. घरात कुणी ते घेत नव्हतं आणि मी कधी विचारलं नव्हतं. ज्याच्या बाशिंगाच्या मी गुंजा मोजल्या, त्याचं नाव मला माहीत नव्हतं. तलाठी पेन धरून थांबला. आत्यानं पदर पुढे ओढला आणि स्वतःच सांगितलं, सावकाश, लिहून घेणाऱ्याला चुकू नये अशा बेतानं. तेवढं एकदाच मी तिच्या तोंडून ते ऐकलं. बाहेर आल्यावर तिनं मला केळी घेऊन दिली.

तिला जाऊनही आता खूप वर्षं झाली. मी तिची कधी माफी मागितली नाही. आधी भीती वाटायची, मग उशीर झाला असं वाटायचं, मग खरोखरच उशीर झाला. बोरीत अजूनही कुणी म्हातारं माणूस भेटलं तर त्या दिवसाची आठवण काढतं, बेबीनं बैलाच्या बाशिंगाचं विमान केलं होतं, असं. मी हसते. प्रत्येक वेळी मी तेच पुन्हा खरं करते.

हे एवढं लिहून झालं तेव्हा नात टेबलावरून हाक मारत होती. तिचे पंख आले होते, पांढरे, हलके, खोक्यात बसवलेले. तिनं एक माझ्या तळहातावर ठेवला आणि तो ठेवला आहे हे मला कळलंच नाही. "आजी, तू परवा सांगितलंच नाहीस. भेंडाचे म्हणजे? कुठून आणलं होतंस?"

"बाशिंगाचं होतं," मी म्हटलं.

"हां, बाबा म्हणाले होते. बैलाच्या ना?"

मी पंख टेबलावर ठेवला आणि ते नाव घेतलं, तलाठ्यासमोर ऐकलं होतं तितक्याच सावकाश. "श्यामराव. माझ्या आत्याचा नवरा. बैलाचं नव्हतं ते."